ह्यांच्या हातची कॉफी

नापोली, मातेरदेई
१४ नोव्हेंबर १९८७

प्रिय राइमोंदो भाऊजींना,
अस्सुन्ताचा नमस्कार.

फोनच करणार होते, पण तुमच्या कानांपुढे हात टेकले. मागच्या वेळी मी इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरची माणसं काय झालं म्हणून धावत वर आली, आणि तुम्ही तिकडून म्हणताय, "वहिनी, जरा मोठ्यानं बोला." म्हणून हे पत्र.

ह्यांना जाऊन महिना होऊन गेला. तुम्ही मातीला येऊन गेलात त्यानंतर घर हळूहळू रिकामं झालं. रिवाजाप्रमाणे शेजाऱ्यांनी मला चूल पेटवू दिली नाही. कोणी सूप आणलं, कोणी भरली वांगी, आणि समोरच्या दारातली तितिना सकाळ-संध्याकाळ कॉफी घेऊन यायची. महिना झाल्यावर बाकीच्यांनी हात आखडता घेतला, तो घ्यायचाच असतो. तितिना मात्र अजून येते. तुम्हाला म्हणून सांगते, बाईचं मन सोन्याचं आहे, पण तिची कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी आणि वर तीन चमचे साखर. मी डोळे मिटून पिते. तिचा अनिएल्लो पलीकडे दिवसभर खोकत असतो. त्याचं सगळं करून ती माझ्यासाठी किटली घेऊन येते, तिला नको कसं म्हणू?

खरं गाऱ्हाणं वेगळंच आहे. महिन्याच्या प्रार्थनेला आमचा दारिओ बेर्गामोहून आला होता. म्हणाला, "आई, तू एकटी राहणार कशी? तुला साधी कॉफीसुद्धा करता येत नाही." खरंच येत नाही हो! शंभर माणसांचा स्वयंपाक सांगा, करीन. पण कॉफी माहेरी आईनं केली, लग्नानंतर ह्यांनी. मी पलंगावर बसायची आणि कपबशी यायची. उठायला लागले की आतून ओरडायचे, "अस्सू, उठू नकोस!" आत काय चालायचं ते मी कधी पाहिलंच नाही.

दारिओचं ठरलंय. ईस्टर झाला की घर मालकाला परत द्यायचं आणि मला बेर्गामोला न्यायचं. सून चांगली आहे, फेदेरिकाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तिकडे माझी एक खुर्ची असेल, भाऊजी, आणि इथे माझं घर आहे. मी रागाच्या भरात बोलून बसले, "ईस्टरला ये, तुला तुझ्या बापासारखी कॉफी पाजते, मग बोलू." तो हसला. म्हणाला, "बरं, ईस्टरपर्यंत थांबतो."

आता तुमच्याशिवाय कोण आहे मला? जन्मभर कॉफीच्या बारमध्ये मशीनची दांडी ओढलीत. तुम्ही मुलीकडे त्रिएस्तेला राहायला गेलात तेव्हाच ह्यांनी तसलंच एक छोटं कॉफीचं मशीन घरी आणलं. रोज सकाळी तुमच्या हातची प्यायची सवय. "आता दुसऱ्या कुणाच्या हातची नको," म्हणाले. त्याच्यावर मी अजून फडकं टाकून ठेवलंय. शिकवा मला.

तुमची वहिनी,
अस्सुन्ता

●

त्रिएस्ते
२३ नोव्हेंबर १९८७

ती. अस्सुन्ता वहिनींना,
राइमोंदोचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून आधी डोळे पुसले आणि मग बाह्या सरसावल्या. दादानं माझ्यामुळे मशीन घेतलं हे मला आजच कळलं. तो मला सांगायचा, "तुझ्यापेक्षा चांगली करतो आता." मी म्हणायचो, "जा रे!" तुम्ही दोघं दर ऑगस्टमध्ये इकडे यायचात, त्यामुळे त्याचा हात मी कधी पाहिलाच नाही. मातीला आलो तेव्हा तर तुमची चूल बंद होती.

इकडे सगळं ठीक. वारा असा की परवा एका बाईंची टोपी माझ्या तोंडावर येऊन बसली. कॉफी रोज तीन वेळा होते, काळजी नको.

आता धडा ऐका. कॉफी बारीक रव्यासारखी दळा. मूठ लावलेल्या जाळीच्या वाटीत भरा, दट्ट्यानं सपाट दाबा, वाटी मशीनला फिरवून घट्ट बसवा. मग दांडी. दांडी वर उभी असते. ती धरा आणि खाली ओढा, पार पोटापर्यंत. जरा थांबा आणि हात सैल सोडा. आत स्प्रिंग असते. ती दांडीला आपोआप वर नेते आणि जाता जाता पाणी कॉफीतून ढकलते. तुमचं काम संपलं! आम्ही बारवाले तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाशी भांडून घ्यायचो. स्प्रिंगला घाई करायची नाही, तिला मदतही करायची नाही.

एकच भीती. हात मध्येच निसटला तर दांडी हनुवटीवर बसते. माझा पुढचा दात बायकोनं पाडला असं सगळी गल्ली म्हणायची. बिचारी उगाच बदनाम झाली, तो दांडीनं पाडला. तेव्हा तोंड लांब ठेवा.

हात जोडून तुमचा,
राइमोंदो

●

नापोली
९ डिसेंबर १९८७

प्रिय भाऊजी,

माझं तोंड लांब होतं म्हणून वाचले. देवाच्या आईचं नव्हतं.

सगळं तुमच्या शब्दाबरहुकूम केलं. पहिली अडचण ही की आमची दांडी वर उभी नसते, खाली लोळत पडलेली असते. म्हटलं, म्हातारी झाली असेल. ती उचलून वर केली, मग थोडी खाली ओढली आणि तुम्ही म्हणालात तसा हात सैल सोडला. ती अर्ध्यात थांबली. दोन काळे थेंब पडले आणि पुढे काही नाही. मी वाट पाहत बसले. स्प्रिंगला घाई करायची नाही ना? बसले. हात बांधून बसले. शेवटी कंटाळून मुठीची वाटी फिरवून काढली, आणि भाऊजी, तोफ उडाली हो! ओला काळा चिखल भिंतीवर, छतावर, माझ्या चष्म्यावर आणि मादोन्नाच्या तसबिरीवर. काल तिचाच सण होता, आणि मी तिची अशी पूजा बांधली. आवाज ऐकून तितिना धावत आली. मला पाहून आधी तिनं क्रूसाची खूण केली आणि मग हसून हसून जमिनीवर बसली. मीही हसले. ह्यांच्यानंतर पहिल्यांदा.

पण त्यानंतर चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच. दांडी काही आपोआप वर जात नाही. माझं काय चुकतंय?

अस्सुन्ता

●

त्रिएस्ते
१७ डिसेंबर १९८७

ती. वहिनींना नमस्कार.

तोफेचं वाचून मी इतका हसलो की आमची नीवेस पळत आली, बापाला काही झालं की काय म्हणून.

पण आता वाईट बातमी सांगतो. तुमचं काही चुकत नाहीये. दांडी खाली पडून राहते, आपोआप वर जात नाही, म्हणजे स्प्रिंग मेली. असं बारमध्ये दोनदा पाहिलंय मी. मोठ्या मशीनची बदलून मिळते, पण घरातल्या या खेळण्यांची कोण बनवतो? दादानं बरीच वर्षं वापरली, थकली बिचारी.

वहिनी, मनाला लावून घेऊ नका. सगळं जग चुलीवरच्या साध्या भांड्यात कॉफी करतं आणि जिवंत राहतं. तुम्हीही एक आणा. दादाच्या हातची होणार नाही, पण दारिओला काय कळतंय?

नाताळच्या शुभेच्छा. इकडून गोड पाव पाठवतोय.

राइमोंदो

●

नापोली
२० जानेवारी १९८८

प्रिय भाऊजी,

गोड पाव मिळाला. अर्धा तितिनाला दिला.

दारिओला पत्र लिहिलं. ईस्टर झाला की बेर्गामोला येते म्हणून कळवलं. मशीन पुसून खोक्यात ठेवलं. तुम्हाला खोटं वाटेल, पण तुमचं पत्र वाचलं त्या दिवशी मी दुसऱ्यांदा रडले, मातीला रडले होते तशीच. हे गेले आणि त्यांच्याबरोबर ती स्प्रिंगही गेली, असं मनानं धरलंय. ज्या वस्तूला ह्यांचाच हात माहीत होता तिला माझा कसा चालेल? साधं भांडं आणा म्हणालात. दारिओला साध्या भांड्याची पाजणार असं मी म्हटलं नव्हतं. शब्द दिला होता, तो मोडला. आता कोणत्या तोंडानं इथे राहू म्हणणार?

तितिनाला सांगितलं तर ती नुसती किटली हातात धरून उभी राहिली. अनिएल्लोचं आता अंथरुणच झालंय.

मशीन तुम्हाला हवंय का? आठवण म्हणून पाठवीन.

अस्सुन्ता

●

त्रिएस्ते
२ फेब्रुवारी १९८८

वहिनी! मशीन कुठेही पाठवू नका! आजच्या आज खोक्यातून बाहेर काढा!

मी गाढव आहे. बसून वाचा.

तुमचं पत्र आलं आणि मला घरात बसवेना. दादाचं मशीन आठवण म्हणून माझ्याकडे येणार आणि मी त्याला नुसतं पुसत बसणार? बंदराजवळ भांडीकुंडी विकणारं एक दुकान आहे. म्हटलं, एखादी जुनी स्प्रिंग मिळते का पाहू. गेलो, मांडणीवर अगदी तुमच्यासारखंच छोटं मशीन उभं, दांडी खाली लोळत पडलेली. दुकानदाराला म्हटलं, "अहो, याची पण स्प्रिंग मेलेली दिसते." तो पोरगेला माणूस माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "आजोबा, याला स्प्रिंग नसतेच. हातानंच दाबायचं."

वहिनी, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. जन्मभर दांडी ओढली म्हणून मिरवतो, आणि स्प्रिंगशिवाय दांडी असू शकते हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. तुम्ही लिहिलं होतंत की दांडी खाली पडलेली असते. तेव्हाच विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, मरणाचा दाखला देऊन मोकळा झालो. दोष तुमचा नाही, मशीनचा नाही. माझा आहे, शंभर टक्के.

त्या दिवसापासून रोज दुकानात जातो. दुकानदारानं आधी हाकललं, मग दया आली, आता तो मला कॉफीची पूड आणून देतो. मी स्वतः करून पाहिल्याशिवाय एक शब्दही लिहीत नाहीये.

तर असं करायचं. टाकीतलं पाणी तापून वाफ धरली की वाटी भरून बसवा. दांडी सावकाश पार वर न्या. आता पाणी कॉफीवर उतरतं. एक 'आवे मारिया'ची प्रार्थना म्हणा, पहिला थेंब दिसेपर्यंत. मग दोन्ही हात दांडीवर, आणि अंगाचा भार देऊन एकसारखं खाली. धक्का नाही, हिसका नाही. दांडी लोण्यात सुरी जावी तशी सहज गेली तर कॉफी जाड दळलीय. हललीच नाही तर फार बारीक. आणि झाल्यावर वाटी लगेच काढू नका, वाफ जिरू द्या. मादोन्नाला पुन्हा आंघोळ नको.

माझा राग धरा, पण मशीन बाहेर काढा.

तुमचा गाढव दीर,
राइमोंदो

●

नापोली
१ मार्च १९८८

प्रिय भाऊजी,

तुमचा राग कशाला धरू? तुमचं पत्र घेऊन मी स्वयंपाकघरात त्या खोक्यासमोर उभी होते. स्प्रिंग नव्हती! म्हणजे इतकी वर्षं सकाळी सकाळी हे स्वतःच्या हातानं दाबायचे. आधी माझ्यासाठी, मग स्वतःसाठी. मला वाटायचं, यंत्र आहे, बटण दाबलं की होतं. शेवटच्या हिवाळ्यात ह्यांचा खांदा दुखायचा, ते तुम्हाला माहीत आहे. कोटाची बाही मी घालून द्यायची. तरी सकाळी आतून तेच, "अस्सू, उठू नकोस!" कॉफीला उशीर व्हायला लागला होता. मी पलंगावरून कुरकुर करायची, "आज काय ब्राझीलला गेला होतात का आणायला?" हसत यायचे. खांद्याचं एका शब्दानं बोलले नाहीत. माझ्यावर इतका जीव होता त्या माणसाचा, आणि मी उशिराचा हिशेब मागत होते.

खोकं त्याच दिवशी उघडलं. पहिल्यांदा इतकी बारीक दळली की मी दांडीला अक्षरशः लोंबकळले, पाय जमिनीवरून सुटले, दांडी जागची हलली नाही. मग जाड झाली, तेव्हा कपात नुसतं तपकिरी पाणी. चक्की फिरव, पुन्हा कर. पोळीवाल्या बायकांसारखे दंड भरले माझे. परवा सकाळी मात्र दांडी हाताखाली हळूहळू, अडत अडत खाली गेली, आणि उंदराच्या शेपटीएवढी बारीक धार लागली. वर तपकिरी साय. मी कप घेऊन पलंगावर माझ्या जागी जाऊन बसले आणि प्यायले. चव तीच होती. मग मनसोक्त रडले.

पण दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे माझं पत्र मिळताच दारिओनं मालकाला घर सोडतोय म्हणून कळवूनही टाकलं. ईस्टर झाला की किल्ल्या द्यायच्या. मी त्याला अजून काही बोललेले नाही. तोंडानं सांगून तो ऐकणार नाही, कप हातात ठेवूनच सांगावं लागेल. भीती वाटते हो. दुसरं म्हणजे पहिला कप छान, दुसरा बरा, तिसरा जळका कडू. असं का?

अस्सुन्ता

●

त्रिएस्ते
१० मार्च १९८८

ती. वहिनींना नमस्कार.

दादाच्या खांद्याचं वाचलं आणि दुकानात गेलो नाही आज. बाकावर बसून राहिलो.

तिसऱ्या कपाचं मला ठाऊक नाही. आमचं मोठं मशीन दिवसभर तसंच चालायचं. मागच्या वेळी ठाऊक नसताना उत्तर दिलं आणि तुमचं घर घालवायला निघालो होतो, म्हणून आता ठाऊक नाही असंच लिहितो. दुकानदार म्हणतो की मशीनची मान, वाटी बसते ती जागा, तापते, दोन कपांनंतर थांबायचं. तुमच्या घरी माणसंच दोन, तुम्ही आणि दारिओ. दोन कप पुरे.

भिऊ नका. हात बसलाय तुमचा.

राइमोंदो

●

नापोली
७ एप्रिल १९८८

प्रिय भाऊजी,

दोन कप पुरले नाहीत.

गुड फ्रायडेच्या पहाटे अनिएल्लो गेला. तितिनाची हाक ऐकून मी धावले ती तशीच. तुम्हाला माहीतच आहे, ईस्टर होईपर्यंत चर्चमध्ये मातीची प्रार्थना होत नाही, त्यामुळे सोमवारपर्यंत तो घरात आणि घर माणसांनी भरलेलं. तिची चूल बंद. तिला कॉफी कोणी नेऊन द्यायची? समोरच्या दारानं. समोरचं दार म्हणजे मी.

पहिला कप तितिनाला दिला. तिनं रीतीप्रमाणे आधी पाण्याचा घोट घेतला, मग कॉफीचा. थांबली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "अस्सुन्ता, इतके महिने तू माझी कशी काय प्यायलीस गं?" मेलेला नवरा शेजारच्या खोलीत, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसतोय आणि रडतोय.

मग तिची भावंडं आली, भाचे आले, गल्ली आली. तिसरा कप कडू झाला तेव्हा मला काय सुचावं? तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो तशी ओल्या फडक्याची पट्टी मशीनच्या मानेवर ठेवली. चर्र झालं आणि मान निवली. पुढचा कप गोड! तुमच्या दुकानदाराला सांगा. दर दोन कपांना पट्टी, आणि जिन्यावरून तबक आत-बाहेर.

शनिवारी दुपारी दारिओ आला, रिकामी खोकी घेऊन. दार उघडं, आई घरात नाही. मी समोरून रिकामे कप घेऊन येतेय. म्हणाला, "आई, हे काय चाललंय?" म्हटलं, "ती खोकी बाजूला ठेव आणि तबक धर." त्यानं धरलं. संध्याकाळपर्यंत तोच ने-आण करत होता. मधे म्हणाला, "तू बस, मी दाबतो." दांडीवर हात टाकला आणि दाबताना त्याचा चेहरा लाल झाला. "बाबा रोज हे करायचे?" मी म्हटलं, "रोज. खांदा दुखत असतानासुद्धा." तो वळून खिडकीशी जाऊन उभा राहिला, आणि मी त्याला तसंच उभं राहू दिलं.

ईस्टरच्या सकाळी मी लवकर उठले. पाण्याचा पेला, कप, तबक. तो उठायला लागला तशी मी आतून ओरडले, "उठू नकोस!" माझाच आवाज ऐकून मी दचकले. तो उठून बसला आणि घोट घोट करत कप रिकामा केला. माझा जीव टांगणीला लागला होता. मग म्हणाला, "बाबांच्यासारखी नाही झाली, आई. जरा जास्त कडक आहे." मी उभीच. कप पुढे करून म्हणाला, "आणखी एक दे."

मंगळवारी तो स्वतः मालकाकडे गेला आणि घर सोडत नाही म्हणून सांगून आला. किल्ल्या खिळ्याला परत अडकवल्या. जाताना म्हणाला, "तुला नेलं तर त्या तितिनाकडे सकाळी कोण जाणार?" रिकामी खोकी नेली. तो विचारत होता की उन्हाळ्यात फेदेरिकाला आणि मुलांना घेऊन आलो तर चालेल का. चालेल का म्हणे!

आता तुमचं. अनिएल्लोचं कळवायला मी फोन केला तो नीवेसनं उचलला. तिनं सगळं सांगितलं. डॉक्टरनं वर्षापूर्वीच तुमची कॉफी बंद केलीय. सातूचं पाणी पिता. रोज तीन वेळा होते म्हणे! दुकानात इतक्या कॉफ्या केल्यात आणि त्यातली एकही प्यायला नाहीत. कशासाठी? मला शिकवायचं म्हणून. खोटारडे आहात, भाऊजी, आणि फार गुणाचे आहात.

मे महिन्यात या. नीवेस गाडीत बसवून देणार आहे, मी तिच्याशी बोलले आहे. तुमच्यासाठी सातू आणून ठेवलेत. आणि सकाळी मी पलंगावर माझ्या जागी बसेन, उठणार नाही. दांडी तुम्ही दाबा, कॉफी मी पिईन.

तुमची वहिनी,
अस्सुन्ता